पश्चिम खिडकीखालची पेटी

१२ मे २०१९

प्रिय आत्या,

“डोळे मिचकावायचे असतील तर खाली जाऊन मिचकाव.” मी पाच वर्षांची होते, लॉस्ट स्पून डोंगरावरच्या, वणव्यांवर नजर ठेवायच्या टेहळणीघरात तुझ्या शेजारी उभी होते, तेव्हा तू मला हे म्हणाली होतीस. त्या मुक्कामातलं मला एवढंच नीट आठवतं. बाबा म्हणायचे, चार दिवस होतीस तिथं. चार दिवसांत माणूस एक वाक्य शिकला तरी पुष्कळ झालं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे जुनी टेहळणीघरं दुरुस्त करणाऱ्या आमच्या मंडळाला अखेर परवानगी मिळाली. वनखात्यानं ते घर जाळायचं ठरवलं होतं. पद्धत तुला माहीत आहे: बर्फ पडलं की दोन माणसं आणि रॉकेलचा डबा. आता त्यांनी एक वर्षाची मुदत दिली आहे. आम्ही घर पूर्वीसारखं करून दाखवायचं. पुढच्या जूनमध्ये वारसा-यादीचे तपासनीस वर येतील. त्यांनी मान हलवली तर घर राहील, नाहीतर रॉकेल.

नियम सोपा आहे. घर त्याच्या ‘महत्त्वाच्या काळात’ जसं होतं तसं दिसायला हवं. लॉस्ट स्पूनचा महत्त्वाचा काळ १९३८ ते १९६० असा ठरला आहे. त्यानंतर आलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ‘नंतरची भर’, आणि ती काढायची. एखादी वस्तू मूळ नकाशात नसली, पण त्या काळात तिथं होती असं कुणी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसानं लिहून दिलं, तर ती ठेवता येते. हे सगळ्यांना मी समजावून सांगते, कारण मंडळाची सचिव मी आहे आणि बाकी कुणी नियम वाचत नाही. आमचे अध्यक्ष थर्मन गॉस निवृत्त दंतवैद्य आहेत. खिडक्यांच्या काचांभोवतीची जुनी लांबी, म्हणजे पुटी, ते दात खरवडायच्या हत्यारांनी काढणार आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका डोंगरावर त्यांनी असंच काम केलं होतं. प्रत्येक चौकटीला आधी सांगायचे, “थोडंसं दुखेल हं.”

तू तिथं पहिल्यांदा गेलीस तेव्हा काय काय होतं ते लिहून पाठव. फोनच करणार होते, पण तुझ्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी वाजवतं आणि मग तू माझ्यावर चिडतेस.

तुझी,
जोलीन


२१ मे २०१९

प्रिय जोलीन,

पत्र मिळालं. मी लॉस्ट स्पूनवर पहिल्यांदा चढले ती १९६१ च्या जूनमध्ये. म्हणजे महत्त्वाचा काळ संपला आणि मी आले. हे त्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी गेले तेव्हा खोलीच्या मधोमध धुराची दिशा मोजायचं दिशायंत्र होतं. दाराच्या डावीकडे लोखंडी चूल. एक खाट, एक टेबल. विजा पडायला लागल्या की चढून उभं राहायचं ते काचेच्या पायांचं स्टूल. आतला रंग करडा, बाहेरचा पांढरा. डोंगराला ज्याचं नाव आहे तो हरवलेला चमचा मलाही सापडला नाही, तू विचारायच्या आधीच सांगते.

माझ्या वस्तू म्हणजे लिनोलियम, उत्तरेकडची फळी, कोट अडकवायचे खिळे आणि दाराचा निळा रंग. काढून टाका. लिनोलियम मलाही कधी आवडलं नाही.

पश्चिम खिडकीखालची पेटी मात्र राहू द्या.

इथं वृद्धाश्रमात माझी खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे आहे. मंगळवारी वायव्येला धूर दिसला. मी ऑफिसात जाऊन दिशा, अंतर आणि धुराचा रंग सांगितला. धूर आमच्या स्वयंपाक्याचा निघाला. तो तिथं चोरून सिगारेट ओढतो. आता माझ्या सूपमध्ये मीठ नसतं. पण दिसलं ते सांगायचं, न दिसलेलं सांगायचं नाही. मी तरी दुसरं काही शिकलेली नाही.

आर्डिस


२३ जून २०१९

प्रिय आत्या,

काम सुरू झालं. तो भाग राखीव असल्यामुळे वर मोटारीची करवत चालत नाही, जनरेटर नाही, चाकाची ढकलगाडीसुद्धा नाही. सगळं हातानं, आणि सामान खेचरांवर. खिडक्यांच्या काचा आम्ही गाद्यांमध्ये गुंडाळून चढवल्या. वाटेत एकही फुटली नाही. थर्मन गादीवर बसले तेव्हा एक फुटली. त्यांना वाटलं, नुसतीच गादी आहे.

तुझं लिनोलियम निघालं. खाली मूळ फळ्या आहेत, जशा हव्यात तशाच. निळ्या दाराला मात्र तू किती थर दिले होतेस? थर्मन म्हणाले की असा चिवट रंग त्यांनी फक्त एका पाद्र्याच्या दाढेवर पाहिला होता.

आता त्या पेटीबद्दल. ती नकाशात नाही. पुरुषाला झोपायला आखूड आहे आणि सरपण ठेवायला फारच चांगली केलेली आहे. झाकणाला बिजागऱ्या, आतून घासून गुळगुळीत केलेल्या फळ्या, आणि भिंतीकडची बाजू सोडून सगळीकडे गिरमिटानं पाडलेली गोल छिद्रं. चूल पेटवून आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो आणि कॉफी संपेपर्यंत वाद घातला. थर्मनचं मत असं की ही बटाट्यांची पेटी आहे, कारण बटाट्यांना हवा लागते. सगळ्यांना ते पटलं. मलाही. ती कुणी केली आणि कधी केली, एवढं कळव. तुझ्या आधीच्या कुणाची असेल तर प्रश्नच मिटला.

इथं वर उजाडताना फार शांत असतं. सगळे उठायच्या आत मी गॅलरीत जाऊन बसते. तू इथं इतकी वर्षं एकटी कशी राहिलीस, असं मला नेहमी वाटायचं. आता वाटतं, तू खाली आमच्यात कशी राहिलीस.

तुझी,
जोलीन


१ जुलै २०१९

प्रिय जोलीन,

बटाट्यांना हवा लागते हे तुझ्या दंतवैद्याचं म्हणणं बरोबर आहे.

पेटी कुणी केली आणि कधी केली, ते मी सांगणार नाही. राहू द्या म्हटलं, तेवढं पुरायला हवं. मी त्या घरात चोवीस उन्हाळे काढले. तुमचे तपासनीस एक दुपार काढतील, त्यातली अर्धी धापा टाकण्यात.

तुझे बाबा गेल्यावर त्यांचं घर तू मला विचारून विकलंस. तुझी आई गेली तेव्हा तिचे कपडे मला विचारून वाटलेस. दोन्ही वेळा मी ‘कर’ म्हटलं. मी तुझ्याकडे काही मागितलं असं तुला आठवतं का? मला आठवत नाही. ही पेटी मागते आहे. दुसरं काही मागणार नाही.

दाराला पाच थर आहेत. तिथं उन्हाळे लांब असतात.

आर्डिस


२८ जुलै २०१९

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं.

पेटी काढली. मंडळात मतदान झालं. निम्मे म्हणाले, म्हातारीची इच्छा आहे, राहू द्या. (म्हातारी हा त्यांचा शब्द.) निम्मे म्हणाले, एक पेटी ठेवली तर उद्या कुणी म्हणेल लिनोलियमही ठेवा. शेवटचं मत माझं होतं. मी सगळ्यांना इतके दिवस नियम शिकवला. तो माझ्या आत्यापाशी येऊन वाकला असता, तर तपासनिसांनी आधी त्यावरच बोट ठेवलं असतं. आणि घर गेलं असतं. पेटीसकट गेलं असतं. हे तुला पटणार नाही, पण मी रात्रभर विचार करून मत दिलं.

मी ती दुसऱ्या कुणाला काढू दिली नाही. स्वतः एकेक स्क्रू सोडवला. कोपऱ्यांचे सांधे इतके पक्के होते की मला मध्येच थांबून बसावं लागलं. कुणीतरी मन लावून केलेली वस्तू होती.

लाकूड वाया गेलेलं नाही. आम्ही मागे उतारावर नवा संडास बांधला आहे (तो ‘ऐतिहासिक’ नाही, त्यामुळे तिथं काहीही चालतं). पेटीच्या झाकणाची बैठक झाली आणि बाजूच्या फळ्यांच्या पायऱ्या. बैठकीचं सगळे कौतुक करतात. गुळगुळीत आहे.

माझ्यावर रागावू नकोस.

जोलीन


५ ऑगस्ट २०१९

प्रिय जोलीन,

चांगलं लाकूड आहे. टिकेल.

आर्डिस


२६ ऑगस्ट २०१९

प्रिय आत्या,

तुझं एका ओळीचं पत्र मी स्वयंपाकघरात लावून ठेवलं होतं. मग काढलं. जेवण जाईना.

गेले पंधरा दिवस आम्ही वर गेलेलो नाही. पलीकडच्या दरीत वीज पडून वणवा लागला. खात्याच्या मुलांनी घराला तो चकचकीत आगरोधक कपडा गुंडाळला. खालून बघितलं तर डोंगराच्या डोक्यावर कुणीतरी भाजायला बटाटा ठेवल्यासारखं दिसत होतं. वारा फिरला आणि वणवा कड्यापाशी येऊन थांबला. घर शाबूत आहे. संडाससुद्धा.

ते पंधरा दिवस मला एकच कळत होतं, की त्या घराचं काही झालं तर मला सहन होणार नाही. का, ते मात्र कळत नव्हतं. मी तिथं चार दिवस राहिलेली. मंडळातल्या बाकी लोकांचे आजे-चुलते तरी तिथं नोकरीला होते.

आत्या, त्या पेटीत काय होतं ते सांग. पेटी आता नाही, मग सांगायला काय हरकत आहे.

जोलीन


९ सप्टेंबर २०१९

प्रिय जोलीन,

पेटीत तू होतीस.

१९७९ च्या जूनमध्ये तुझे बाबा तुला वर घेऊन आले. खेचरावर एका बाजूला पिठाची गोणी, एका बाजूला रॉकेल आणि मध्ये तू. हार्लन माझा भाऊ असला तरी बोलायला चिक्कू माणूस. म्हणाला, चार दिवस ठेव. नेडा गेली.

मी विचारलं, कुठं. त्याला माहीत नव्हतं. येणार आहे का, तेही माहीत नव्हतं. तुझ्या आईनं भांडी घासून पालथी घातली होती, तुझे केस विंचरले होते, तुला शेजारी सोडलं होतं आणि ती बसमध्ये बसली होती. का, ते तिनं मला पुढेही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही बायकांना एकदा जावं लागतं. मी वर्षातले चार महिने पगार घेऊन जात होते. तिला तशी नोकरी नव्हती.

चार दिवस झाले. हार्लन आला नाही. गिरणीत त्याची रात्रपाळी, दिवसा तो बायकोला शोधत फिरत होता. टेहळणीघरात लहान मूल ठेवायला सक्त मनाई होती. कळलं असतं तर मला खाली पाठवलं असतं आणि तुला कुणा परक्याकडे ठेवलं असतं. म्हणून मी पेटी केली. खाटेइतकी केली असती तर खाट दिसली असती. झाकण लावलं की ती पेटी दिसायची. छिद्रं तुझ्यासाठी. झाकण लावून आतून बाहेर बघायला तुला आवडायचं. आत अजिबात मिचकावत नव्हतीस.

रेंजर तपासणीला आला तेव्हा तू झऱ्यावर पाणी आणायला गेली होतीस. तो पेटीवर बसला. “बटाट्यांची पेटी छान आहे,” असं आपणच म्हणाला. कॉफी प्यायला. तुझा एक बूट त्याच्या पायाशी पडला होता, तो त्यानं बघितला आणि हवेबद्दल बोलत राहिला. पुढच्या खेपेला त्यानं जाताना पेटीवर रंगीत खडूंचा डबा ठेवला. म्हणाला, “बटाट्यांना द्या.” त्यानंतर मी त्या माणसाबद्दल कुणालाही वाईट बोलू दिलं नाही.

तू सबंध उन्हाळा राहिलीस. तुला विचारलं की तू ‘चार दिवस’ म्हणायचीस, कारण बाबांनी तसं सांगितलं होतं. नंतर तुला तसंच आठवायला लागलं. आम्ही दुरुस्त केलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी खालच्या पायवाटेवर मला लाल ठिपका दिसला. कळवायच्या आधी आग आहे की नाही ते बघावं लागतं. मी बराच वेळ बघितलं. आग नव्हती. स्वेटर होता. शहरातले बूट घालून तुझी आई तो सगळा चढ चढून आली होती. गॅलरीत उभी राहिली, आत येईना. तू जेवून झोपली होतीस. तिनं मला एवढंच विचारलं, “ती झोपते कुठं?”

मी पेटी दाखवली. ती आत शिरली. मावत नव्हती. गुडघे दुमडून, एक पाय बाहेर टाकून ती तुझ्यामागे आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी बाहेर बघत होते. तेच माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी ती तुला खाली घेऊन गेली. जाताना म्हणाली, मी गेले होते हे तिला कधी सांगू नका. मी म्हटलं, तू असेपर्यंत सांगणार नाही. ती वारल्यावर दोन हिवाळे मी आशा केली की हे मला सांगावं लागणार नाही. ती गेली होती ते तुला कळू नये म्हणून मी गप्प बसले. पण ती परत आली होती हे कुठं लिहिलेलं नाही, जोलीन. आता ते फक्त मला माहीत आहे आणि माझं वय झालं. म्हणून पेटी मागितली होती.

तू नियम पाळलास. मी तुझ्या जागी असते तर तेच मत दिलं असतं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

आर्डिस


६ ऑक्टोबर २०१९

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं आणि गाडी तिथंच बंद ठेवून बसले. टपाल कार्यालयाची बाई दोनदा बाहेर येऊन बघून गेली.

मी आईवर रागवायचा प्रयत्न केला. म्हटलं, निदान एक संध्याकाळ तरी रागवावं, हक्क आहे. जमलं नाही. मी आता तेव्हाच्या तिच्याहून मोठी आहे. मला सारखी ती पायवाट दिसते. ती मी या उन्हाळ्यात किती वेळा चढले, चांगले बूट घालून, आणि प्रत्येक वेळी कुरकुरले. आणि ते गोल गोल उजेड. मला ते कायम आठवायचे. वाटायचं, लहानपणी कधीतरी आगगाडीत बसले असेन.

गेल्या आठवड्यात हंगामाची शेवटची खेप होती. सगळे खिडक्यांना झडपा लावत होते. मी मागे गेले आणि संडासाची बैठक सोडवायला लागले. मग पायऱ्या. थर्मन आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, “समजलं. पण मंडळाला संडास लागतो.” तरी शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनीच सोडवल्या, त्यांच्या हत्यारांनी, आणि फळ्या खेचरावर बांधायला मदत केली. आता त्या गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहेत. एक बाजू चिरली आहे आणि झाकणाला मधोमध मोठं भोक आहे, ते कशाचं हे तुला सांगायला नको. परवा मी त्या जमिनीवर मांडून त्यांच्यात आडवी झाले. मी मावत नाही. गुडघे दुमडूनही नाही.

मंडळाची बैठक झाली. महत्त्वाचा काळ १९८४ पर्यंत वाढवावा असा ठराव मी मांडला. त्यांनी मला माझंच भाषण वाचून दाखवलं, मी मे महिन्यात केलेलं. फार मुद्देसूद होतं. नकाशात नसलेली पेटी तिथं दिसली तर तपासनीस घर नाकारतील, आणि घर गेलं तर पेटी ठेवायची कुठं? वाचनालयात ठेवली तर ती नुसती फळ्यांची पेटी आहे. ती त्या खिडकीखालीच हवी, जिथून पायवाट दिसते.

थर्मननी एकच वाट सांगितली, तीही माझ्याकडे न बघता. १९६० च्या आधी पेटी तिथं होती असं प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचं लेखी निवेदन हवं. तसं माणूस जगात एकच उरलं आहे. ते १९६१ च्या जूनमध्ये दार उघडून आत गेलं, आणि आत काय होतं ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नाही. तेव्हा आत जे होतं ते १९६० चंच धरतील. ते जे लिहील ते सगळे मानतील. का मानतील ते मलाही माहीत आहे आणि तुलाही: तू कधी न दिसलेला धूर कळवला नाहीस. रेंजरलासुद्धा तू खोटं सांगितलं नाहीस, त्यानं विचारलंच नाही.

मी, जिनं एका पेटीसाठी तुला नियम ऐकवला, ती आता हे विचारते आहे. तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय, अगदी कानातल्या शिट्टीसकट. पुढच्या रविवारी मी येईन तेव्हा तोंडावर नाही म्हणालीस तरी मी मीठ घेऊन येईन आणि आपण सूप पिऊ.

तरी विचारते. सोबत कोरा कागद ठेवला आहे. त्यावर एकच वाक्य हवं आहे आणि खाली तुझी सही: मी पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा पश्चिम खिडकीखाली पेटी होती. एवढं लिहून देशील?

तुझी,
जोलीन